ठिगळ पाठविणारा आणि ठिगळ लावणारा

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक गोष्ट जाहीर केली आणि जगभरच्या संगणकतज्ज्ञांची झोप उडाली. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी जी यंत्रणा सर्वत्र वापरली जाते, तिला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच प्रथम त्याच्या लक्षात आले होते. या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो ‘एक्सझेड युटिल्स’ नावाच्या, माहिती दाबून तिचा आकार लहान करणाऱ्या एका छोट्या प्रणालीपर्यंत पोहोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. तो बसविणारा काही कुलूप फोडून आत शिरलेला नव्हता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या त्या इसमाने २०२१ च्या ऑक्टोबरात पहिली किरकोळ दुरुस्ती ई-मेलने पाठविली होती. पुढे त्याने अनेक उपयुक्त दुरुस्त्या केल्या आणि पाहता पाहता तो त्या प्रकल्पाचा सहकारभारी होऊन बसला.

या प्रकरणात विचार करण्याजोगा भाग चोरदरवाजाचा नव्हे, त्याआधीच्या पत्रव्यवहाराचा आहे. एक्सझेडचा सारा भार एकच गृहस्थ वर्षानुवर्षे विनामोबदला वाहत होता. २०२२ मध्ये त्याच्याकडे निरनिराळ्या नावांनी तक्रारी येऊ लागल्या. पाठविलेल्या दुरुस्त्या पडून राहतात, त्यांची दखल घेतली जात नाही, प्रकल्पाला नवा कारभारी हवा, असा त्यांचा सूर होता. (यांतले एक नाव भारतीय वळणाचे होते. त्या नावामागे खरी व्यक्ती असल्याचा पुरावा पुढे कोणालाही सापडला नाही.) आपल्या प्रकृतीच्या अडचणी आहेत आणि हे काम फावल्या वेळातले, बिनपैशाचे आहे, असे त्या गृहस्थाने सौजन्याने कळविले. तरीही दडपण वाढत गेले आणि मदतीला तयार असलेल्या ‘जिया टॅन’च्या हाती किल्ल्या गेल्या. गंमत अशी, की तक्रार करणारी माणसे खोटी असली तरी तक्रार खरी होती. दुरुस्त्या खरोखरच पडून होत्या. लोकांनी टपालाने पाठविलेल्या दुरुस्त्यांचे काय करावयाचे, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न किती गंभीर आहे, हे त्या अर्ध्या सेकंदाने दाखवून दिले.

ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, तिला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. ज्याला तीत दोष आढळतो तो स्वतःच तो दुरुस्त करतो आणि आपली दुरुस्ती मूळ कर्त्याकडे पाठवितो. सबंध ग्रंथ परत पाठवायचा नाही, फक्त शुद्धिपत्र पाठवायचे, अशी ही पद्धत आहे. अमुक ओळ काढा, तिच्या जागी तमुक घाला, एवढेच त्यात असते. यालाच ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. दोन संहितांतील फरक काढून देणारा ‘डिफ’ हा कार्यक्रम बेल प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास तयार झाला आणि असा फरक मूळ संहितेत आपोआप भरणारा ‘पॅच’ हा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. यानंतर एका खंडातील माणसाने दुसऱ्या खंडातील माणसाला शुद्धिपत्र पाठवावे आणि त्याने ते एका आज्ञेसरशी लावावे, हे शक्य झाले. आज ज्याला मुक्त स्रोताची चळवळ म्हणतात, तिचा पाया या दोन साध्या अवजारांवर उभा आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या छंदाची घोषणा केली. आज त्या छंदाची संहिता चार कोटी ओळींच्या घरात पोहोचली आहे. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत सुमारे दोन हजार माणसांचे दहा हजारांहून अधिक बदल असतात. यातले बहुतेक बदल आजही ई-मेलनेच येतात. ते थेट टॉरवाल्ड्सकडे जात नाहीत. प्रत्येक विभागाला ‘मेंटेनर’, म्हणजे कारभारी असतो. तो आपल्या भागातील दुरुस्त्या पारखून एकत्र करतो आणि वर पाठवितो. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार ही उतरंड ज्यांना परिचित आहे, त्यांना ही रचना समजण्यास अडचण पडू नये. फरक इतकाच, की येथे कोणाकडे कोणते काम आहे याची यादी संहितेबरोबरच प्रसिद्ध केलेली असते आणि आपले पत्र कोणाच्या टेबलावर जावे हे सांगणारा कार्यक्रमही सोबत दिलेला असतो. आपल्याकडील कोणत्या कचेरीत अशी सोय आहे?

ई-मेल हे साधन जुने झाले, ते टाकून द्यावे, असे म्हणणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. बहुतेक नव्या प्रकल्पांनी ते टाकलेही आहे. एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडावे आणि तेथेच आपली दुरुस्ती सादर करावी, ही रीत रुळली आहे आणि नवख्याला ती सोपी जाते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ई-मेलच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पहिली अशी, की ती कोणाच्या मालकीची नाही. ज्याच्याजवळ पत्ता आहे तो लिहू शकतो. एखाद्या कंपनीने धोरण बदलले किंवा एखाद्या देशातील लोकांची खाती बंद केली, म्हणून पत्रव्यवहार थांबत नाही. दुसरी गोष्ट परीक्षणाची. दुरुस्ती पत्राच्या मजकुरातच असली की परीक्षक तिच्या प्रत्येक ओळीखाली आपला शेरा लिहून उत्तर पाठवितो. उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक समासात जे करतो तेच हे आहे आणि ही समासातील चर्चा कायमची जपली जाते. वीस वर्षांपूर्वी अमुक ओळ का बदलली, याचे उत्तर आज शोधणाऱ्याला बहुधा या जुन्या पत्रांतच मिळते.

अर्थात या सोयीची किंमत पाठविणाऱ्याला मोजावी लागते. पत्र साध्या मजकुराचे हवे. दुरुस्ती सोबतच्या फाइलीत न जोडता पत्रातच द्यावी. एका पॅचमध्ये एकच बदल असावा. काय बदलले हे संहितेवरून दिसतेच, म्हणून का बदलले ते शब्दांत सांगावे. सुधारून पुन्हा पाठविताना दुसरी, तिसरी असा आवृत्तीचा क्रमांक घालून मागच्या वेळेपेक्षा काय वेगळे केले ते नोंदवावे. यातले काही नियम जाचक वाटतात. जीमेलचे ब्राउझरमधील रूप ‘टॅब’च्या जागी नुसत्या रिकाम्या जागा घालते आणि लांब ओळी मोडते. त्यामुळे डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारी दुरुस्ती यंत्राला लावता येत नाही. महिनाभर खपून केलेले काम असल्या कारणाने परत आले म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला संताप यावा, हे स्वाभाविक आहे. तरीही नियम असणे हा दोष नव्हे. ते लिहिलेले नसणे हा दोष आहे. लिखित नियम नवख्याला वाट दाखवितात. अलिखित नियम जुन्याजाणत्यांच्या सोयीचे असतात आणि बाहेरच्याला ते आपण मोडल्यावरच कळतात. लिनक्सने हे नियम सविस्तर लिहून ठेवले आहेत आणि दुरुस्ती पाठविण्यापूर्वी ती त्यांत बसते की नाही हे तपासणारा कार्यक्रमही दिला आहे. यंत्राला जे तपासता येते ते माणसाने माणसाला सुनावू नये, हे धोरण शहाणपणाचे आहे. ज्या प्रकल्पांत असले कार्यक्रम नाहीत तेथे कारभाऱ्याचा निम्मा वेळ स्वल्पविराम सुधारण्यात जातो आणि उरलेला वेळ त्यावरून झालेली कटुता निवारण्यात.

परंतु ई-मेलच्या पद्धतीतला खरा रोग नियमांचा नसून मौनाचा आहे. पाठविलेल्या पत्राला उत्तरच येत नाही. दुरुस्ती नाकारली गेली, वाचलीच गेली नाही की टपालाच्या ढिगात हरवली, हे पाठविणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. १९९८ च्या सुमारास लिनक्समध्ये नेमके हेच घडले. सर्व पत्रे एकट्या टॉरवाल्ड्सकडे येत आणि एका माणसाला ती पेलत नसत. दुरुस्त्या गहाळ होऊ लागल्या. हरवली असेल तर पुन्हा पाठवा, ज्याला तळमळ आहे तो पुन्हा पाठवील, अशी त्याची भूमिका होती. ती अगदीच अन्यायाची होती असे नाही, परंतु चिकाटी हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. पुन्हा पुन्हा पाठविणारा मनुष्य भांडखोर असू शकतो आणि एकदा पाठवून गप्प बसणारा मनुष्य बरोबर असू शकतो. २००२ च्या प्रारंभी हा वाद पुन्हा पेटला तेव्हा टपालातील पॅच गोळा करून सांभाळण्यासाठी एक वेगळा माणूसच नेमावा, अशी सूचना पुढे आली. ती मान्य झाली नाही. त्याऐवजी बिटकीपर हे व्यापारी अवजार वापरात आले. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या मालकाने ते फुकट देणे बंद केले आणि टॉरवाल्ड्सने काही दिवसांत ‘गिट’ लिहिले. आज जगातील बहुसंख्य प्रणालींचा इतिहास गिटमध्ये नोंदला जातो. त्याची वंशावळ अशा तुंबलेल्या टपालापर्यंत जाऊन पोहोचते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

सरकारी कचेरीत जिने आयुष्य काढले आहे अशा कोणत्याही व्यक्तीला या रोगावरचा उपाय ठाऊक असतो. तो म्हणजे बारनिशी. आलेला प्रत्येक कागद नोंदवहीत चढला पाहिजे, त्याला क्रमांक पडला पाहिजे आणि तो सध्या कोणाकडे आहे हे विचारता आले पाहिजे. काम लवकर होईल याची हमी बारनिशी देत नाही, कागद हरवणार नाही एवढीच देते. मुक्त स्रोताच्या जगाला हे उमगायला बराच काळ लागला. ई-मेलने येणारे पॅच आपोआप टिपून त्यांची स्थिती दाखविणारे ‘पॅचवर्क’ हे साधन आता अनेक प्रकल्प वापरतात. पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीने २००८ पासून ‘कमिटफेस्ट’ची प्रथा पाडली. ठराविक महिन्यांत नवे काम थोपवून आधी आलेल्या दुरुस्त्यांचा निकाल लावायचा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात आणखी एक अपेक्षा आहे आणि तिचे अनुकरण इतरांनी करावयास हवे. जो आपली दुरुस्ती सादर करतो त्याने दुसऱ्या कोणाची तरी, साधारण तेवढ्याच आवाक्याची दुरुस्ती तपासावी. तपासनीस आकाशातून पडत नाहीत.

खुद्द गिटचा कारभार जुलै २००५ पासून जुनिओ हमानो पाहत आले आहेत आणि त्या प्रकल्पाकडेही दुरुस्त्या ई-मेलनेच येतात. हमानो ठराविक काळाने एक पत्रक काढतात. त्याचे नाव गमतीचे आहे: गिटच्या स्वयंपाकघरात सध्या काय शिजते आहे! कोणते काम कोठवर आले, कशाचे परीक्षण झालेले नाही, कोणत्या लेखकाकडून सुधारित आवृत्तीची वाट पाहिली जात आहे आणि काय टाकून दिले जाणार आहे, हे सारे त्यात नावनिशीवार असते. यात मोठे तंत्रज्ञान काही नाही. एक माणूस नियमितपणे बसून लिहितो, एवढेच. मात्र त्यामुळे नकारसुद्धा अपमान वाटत नाही. मराठी नियतकालिकांच्या संपादकांकडून ‘साभार परत’ची चिठ्ठी आलेले लेखक दुःखी झाले असतील, पण ज्यांना चिठ्ठीही आली नाही आणि हस्तलिखितही नाही, त्यांच्याइतके कडवट झाले नसतील. प्रकल्पाने प्रत्येक दुरुस्ती स्वीकारली पाहिजे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. बहुतेक दुरुस्त्या नाकारल्याच गेल्या पाहिजेत. नाकारायचे ते स्पष्ट, कारणासह आणि माणसाला न दुखविता. शेवटची अट फार दिवस पाळली गेली नाही. टॉरवाल्ड्सची जळजळीत पत्रे ही एके काळी कौतुकाने सांगण्याची गोष्ट होती. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली, तेव्हा कुठे त्या कौतुकाला ओहोटी लागली.

श्रेयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्याला पैसा मिळत नाही त्याला नाव तरी मिळावे. जुन्या नोंदपद्धतींत ज्याने दुरुस्ती संहितेत घातली त्याचेच नाव नोंदले जाई. ज्याने ती टपालाने पाठविली तो अदृश्य राही. सबव्हर्जन या प्रकल्पाने पॅच कोणाचा, दोष कोणी शोधला आणि परीक्षण कोणी केले, हे प्रत्येक नोंदीत लिहिण्याचा दंडक घातला. गिटमध्ये लेखक आणि नोंद करणारा अशी दोन वेगळी नावे मुळातच ठेवली आहेत. तरीही नोंदीतल्या नावाने सारे भागत नाही. ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हस हा पेशाने भूलतज्ज्ञ. संगणकाचा वेळ निरनिराळ्या कामांत न्याय्य रीतीने कसा वाटावा, यावर तो लिनक्ससाठी वर्षानुवर्षे पॅच लिहीत आला. २००७ मध्ये इंगो मोल्नार या मुरलेल्या कारभाऱ्याने त्याच कल्पनेवर आधारलेली नवी रचना लिहिली, कोलिव्हसचे ऋण मान्यही केले आणि त्या वर्षी मोल्नारचीच रचना स्वीकारली गेली. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्य असेलही. कोलिव्हसने मात्र लिनक्सचा निरोप घेतला. बाहेरच्या माणसाची कल्पना पटली तर ती त्याच्याकडूनच सुधारून घ्यावी, की आतल्याने झटपट लिहून मोकळे व्हावे? दुसरा मार्ग नेहमीच जलद असतो आणि कारभाऱ्याला त्याचा मोह नेहमीच पडतो. परंतु तसे केले की कल्पना हाती राहते आणि तो माणूस जातो.

दुरुस्ती पाठविणाऱ्याला ती देण्याचा अधिकार आहे का, हाही प्रश्न आहे. नोकरदाराने कामाच्या वेळात लिहिलेली संहिता बहुधा मालकाची ठरते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्सवरून आयबीएमवर दावा लावला, तेव्हा कोणती ओळ कोठून आली याचे उत्तर देणे कठीण झाले. म्हणून २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली पाठविणाऱ्याने स्वाक्षरीवजा एक ओळ लिहावी, असे ठरले. हे काम देण्याचा मला अधिकार आहे, असे ती ओळ सांगते. ग्नूच्या प्रकल्पांची रीत अधिक कडक होती. पंधरा ओळींहून मोठ्या बदलासाठी स्वामित्वहक्क हस्तांतरित केल्याचा कागदच सही करून द्यावा लागे. पुणे किंवा बंगळूरच्या कंपनीत काम करणाऱ्या तरुणाला असा कागद मालकाकडून मिळविणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. २०२१ च्या जूनमध्ये ‘जीसीसी’ या त्यांच्या प्रमुख प्रकल्पाने ही सक्ती सोडली आणि लिनक्सची एक ओळ पुरेशी मानली. ही सुधारणा स्वागतार्ह होती.

एका ओळीवर विश्वास ठेवावयाचा तर फसवणुकीचे काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २०२० मध्ये हाच प्रश्न आपल्या पद्धतीने विचारला. खोट्या नावांनी त्यांनी लिनक्सकडे जाणूनबुजून सदोष पॅच पाठविले आणि परीक्षक फसतात की नाही ते पाहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये बोभाटा झाला तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ कारभाऱ्याने त्या विद्यापीठातून येणाऱ्या दुरुस्त्यांवर बंदी घातली. विद्यापीठाच्या जुन्या सर्व दुरुस्त्या पुन्हा तपासण्यात आल्या. त्यांतल्या बहुतेक चांगल्याच निघाल्या, पण त्यापायी बराच वेळ खर्च झाला. संशोधकांनी माफी मागितली आणि निबंध मागे घेतला. विश्वासाचा गैरफायदा घेता येतो हे सिद्ध करावयास प्रयोगाची गरज नव्हती. पण एक्सझेडचे प्रकरण त्यानंतर तीनच वर्षांनी उघडकीस आले, हेही विसरता येणार नाही. दोन्ही प्रकरणांतून निघणारा व्यवहारी निष्कर्ष एकच आहे. पाठविणाऱ्याचे नाव किंवा लौकिक पाहून दुरुस्ती आत घेऊ नये, दुरुस्ती वाचून घ्यावी. आणि वाचणारे दोन तरी असावेत. कारभारी एकटा आणि थकलेला असेल तर वाचन होत नाही, नुसती मान डोलावली जाते. ज्या कंपन्या असल्या फुकट प्रणालींवर आपले इमले उभारतात, त्यांनी या वाचणाऱ्यांच्या वेतनाची तजवीज करावी, अशी मागणी होत असते. ती दयेची मागणी नाही, इमारतीच्या पायाच्या डागडुजीचा तो खर्च आहे.

पूर्वी या वाचणाऱ्याला एक नैसर्गिक संरक्षण होते. दुरुस्ती लिहिणे अवघड असल्यामुळे ती पाठविणारे थोडे होते. ते संरक्षण ढासळत आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका कंपनीने चार दुरुस्त्या सादर करणाऱ्याला सदरा बक्षीस देण्याची योजना चालविली, तेव्हा ‘हा प्रकल्प फार छान आहे’ असले शब्द घुसडलेल्या निरर्थक दुरुस्त्यांचा पूर लोटला. त्यात आपल्याकडील विद्यार्थीही होते. त्यांना कोणी ही युक्ती शिकविली होती, संहिता वाचावयास मात्र शिकविले नव्हते. आता तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणात नीटस, नियमांत बसणारा, मुद्देसूद पत्रासह पॅच तयार करून घेता येतो. तो चुकीचा असेल तर ते शोधण्यास माणसाला पूर्वीइतकाच वेळ लागतो. किंबहुना चूक सफाईदार भाषेत दडलेली असल्यामुळे थोडा अधिकच लागतो. ‘कर्ल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी यंत्राने रचलेल्या बनावट दोष-अहवालांविरुद्ध २०२५ मध्ये जाहीर तक्रार केली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘क्यूएमू’ या प्रकल्पाने यंत्रनिर्मित संहिता स्वीकारणार नाही असे लिहून ठेवले. त्याचे कारण गुणवत्तेचे नव्हते. पत्राखालची ती जुनी एक ओळ हेच कारण होते. यंत्राने हजारो लोकांच्या संहिता वाचून जे लिहिले, ते देण्याचा अधिकार मला आहे, असे पाठविणाऱ्याने कशाच्या आधारावर म्हणावयाचे? या प्रश्नाला अद्याप कोणत्याही न्यायालयाने सर्वांना मान्य होईल असे उत्तर दिलेले नाही. आणि कारभाऱ्यांच्या टपालात रोज सकाळी नवे पॅच येऊन पडत आहेत.